सुकेवाल्यांचं तूप

“हा सुकेवाला असूच शकत नाही,” मी म्हटलं.

टेबलावर पांढरा उंदीर उताणा ठेवलेला होता, पोट उघडलेलं. आत जिथे सुतळीएवढी चरबी सापडायला हवी होती, तिथे दोन्ही बाजूंना पांढरी, मऊ, भरगच्च चरबी दाटून बसली होती. आमच्या प्राणिघराचा राखणदार इराप्पा शेजारी उभा होता. त्यानं पिंजऱ्याची चिठ्ठी पुन्हा वाचून दाखवली. वरची रांग, सुकेवाला. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं खिडकीबाहेर पाहिलं, आणि आमच्या आगाशेबाई चष्मा पुसायला लागल्या. बाई चष्मा पुसायला लागल्या की समजायचं, आता कोणाची तरी धडगत नाही.

ही मिरजेतली गोष्ट, चौऱ्याऐंशी सालच्या हिवाळ्यातली. मी कालिंदी हुपरीकर, तेव्हा नुकतीच पंचविशी ओलांडलेली, पीएच.डी.च्या मागे लागलेली आणि घरच्यांच्या मते पार हाताबाहेर गेलेली. डॉ. प्रमिला आगाशे माझ्या गाईड. मेडिकल कॉलेजच्या मागे एक कौलारू प्राणिघर होतं, तिथे आमचे उंदीर राहत. अर्ध्या उंदरांना गहू-हरभऱ्याच्या पिठात वनस्पती तूप आणि दुधाची पावडर कालवून वळलेले गोळे मिळायचे, उरलेल्यांना साधं कोरडं खाद्य. शास्त्रात अशा गटांना भारदस्त नावं असतात. आमच्याकडे ते लाडूवाले आणि सुकेवाले. लाडू मीच वळायची. आई सगळ्या आळीला सांगायची, सासरी जाऊन वळायचे ते लाडू आमची कार्टी उंदरांसाठी वळतेय.

लोकांना वाटतं चरबी म्हणजे कातडीखालचा नुसता थर. तसं नाही. त्या पेशी असतात, एकेका पेशीत तुपाचा एकच मोठा थेंब, आणि त्या थेंबानं पेशीचं केंद्र बिचारं पार कडेला ढकललेलं. खाण्यात तूप वाढलं की आधी आहेत त्याच पेशी फुगतात. पण फुगून फुगून किती फुगणार? मग बारीक रक्तवाहिन्यांच्या कडेला निवांत पडलेल्या लहान पेशी जाग्या होतात आणि त्यांच्यातून नव्या चरबीपेशी तयार होतात. इथवरचं परदेशात लोकांनी दाखवून झालं होतं. बाईंना पुढचं बघायचं होतं. लाडू बंद केले तर या नव्यानं आलेल्या पेशी निघून जातात, की थेंब रिकामा करून तिथेच ठाण मांडून बसतात? बाई मार्चअखेर निवृत्त होणार होत्या, त्यांच्यामागे प्राणिघर बंद करायचं ठरलं होतं, आणि ही शेवटची तुकडी होती. माझी पीएच.डी. तिच्यावर होती. बाईंचं उभं आयुष्य ज्या प्रश्नात गेलं त्याचं उत्तरही तिच्यावरच होतं. आता सुकेवालेच असे गुटगुटीत निघाले तर लाडूवाल्यांची तुलना करायची कोणाशी? कपाळाशी?

दुसऱ्या दिवशी त्या चरबीचे पातळ काप काढून, रंग देऊन मी काचपट्टी बाईंच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बाई कितीतरी वेळ डोळा लावून बसल्या. त्या वर्षी त्या फार वाळल्या होत्या. खांद्यावरची पिन निघाली तरी पदर सावरायचं त्यांना भान नसायचं. निवृत्तीची काळजी खातेय त्यांना, असं आम्ही सगळे म्हणायचो.

“ये, बघ,” त्या म्हणाल्या.

मी पाहिलं. नारिंगी रंगाचे मोठमोठे थेंब आणि त्यांच्या फटीफटींतून बारके बारके थेंब.

“नुसत्या मोठ्याच पेशी दिसल्या असत्या, तर मी म्हटलं असतं, परवा-तेरवा चुकून लाडू पडला असेल. पण या बारक्या बघ. या नव्या आहेत. नवं बिऱ्हाड बसायला वेळ लागतो. कोणीतरी यांना गणपतीच्या सुमारापासून तूप खाऊ घालतंय, कालिंदी. शोध.”

वजनं वाढताना आम्ही बघत होतोच. पण वाढतं वय आहे, वाढणारच, अशी दोघींनी मनाची समजूत घातली होती. आता मी लाडवांचा डबा तपासला, खाद्याची पोती तपासली. सगळं जिथल्या तिथे. राहता राहिला इराप्पा. तो कर्नाटकाच्या सीमेवरच्या कुठल्याशा खेड्यातला लिंगायत, कपाळाला भस्म, बोलण्यात कानडी हेल. उंदरांना ‘लेकरं’ म्हणायचा. त्याला तोंडावर विचारायचा मला धीर होईना. म्हणून एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत, आधी काही न सांगता, मी प्राणिघरात गेले.

इराप्पा वरच्या रांगेसमोर उभा होता. एका हातात स्टीलचा डबा. त्यातला तुपात न्हालेला मऊ भात बोटांनी चिमूट चिमूट करून तो सुकेवाल्यांच्या पिंजऱ्यात सोडत होता. पोळीला तर घडी घडीला तूप लावलेलं मला दारातूनही दिसत होतं. तो डबा मी रोज पाहत होते. तो बाईंचा होता.

मला बघून त्यानं डबा लपवला नाही. खाली ठेवला आणि हात धोतराला पुसले. मी काय बोलले ते आता आठवत नाही, पण धड काही बोलले नसणार. त्यानं जे सांगितलं ते मात्र शब्दन् शब्द लक्षात आहे.

“बाईसाब रोज डबा देतात, म्हणतात, इराप्पा, हे टाकून द्या, कुणाला सांगू नका. आता अन्न कसं टाकायचं, ताई? आणि बाईसाबांच्या ताटातलं मी खायचं, ते बी बरं वाटंना. लाडूवाल्यांना रोज लाडू हायेत. ह्या लेकरांनी काय पाप केलंय?”

मी विचारलं, किती दिवसांपासून? तो म्हणाला, गणपती उठले तेव्हापासून.

खालच्या रांगेतल्या सुकेवाल्यांना देता का, असं मी घाबरत घाबरत विचारलं. तर म्हणाला, नाही, गुडघा धरतो, वाकवत नाही. त्याच्या त्या गुडघ्याला मी मनातल्या मनात दंडवत घातलं. म्हणजे खालच्या रांगेतले उंदीर खरेखुरे सुकेवाले होते. थोडे होते, पण होते. माझी पीएच.डी. इराप्पाच्या गुडघ्यानं वाचवली, हे मी आजवर कोणत्याही भाषणात सांगितलेलं नाही.

तशीच डबा उचलून धावत बाईंच्या खोलीत गेले. आधी खालच्या रांगेचं सांगितलं, मग डब्याचं. सांगताना मला वाटत होतं की मी एक कोडं सोडवून आलेय. वाक्य पुरं होता होता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डबा जर रोज इराप्पाकडे जात होता, तर गणपतीपासून बाई दुपारचं जेवत काय होत्या?

बाई आधी हसल्या. मनापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “म्हणजे ह्यांनी घातलेलं तूप वाया नाही गेलं म्हणायचं. माझ्या नाही, पण माझ्या उंदरांच्या तरी अंगाला लागलं.” मग हसू थांबलं. त्यांनी मला दार लावायला सांगितलं.

घास उतरत नव्हता. अन्ननलिकेत गाठ होती. पुण्याच्या एका सर्जन मैत्रिणीनं ऑगस्टमध्येच तपासून सांगितलं होतं, आता कापाकापीत अर्थ नाही. पातळ पेज, ताक, दूध तेवढं जायचं. संध्याकाळी घरी गेल्यावर त्या आगाशेकाकांना सांगायच्या, दुपारी डबा भरपेट जेवलेय, आता ताकच द्या. हे सगळं त्यांनी मला एखाद्या उंदराची माहिती सांगावी तितक्या सरळ आवाजात सांगितलं. मला रडू आवरेना. त्या म्हणाल्या, रडून झालं की सांग, मला काम आहे.

“आणि काकांना?” मी विचारलं.

“ह्यांना काही सांगायचं नाही. मार्च होऊ दे, उंदीर संपू देत, मग मी सांगेन.” त्या टेबलावरचा डबा बघत होत्या. “कारखान्यातून रिटायर झाले तेव्हा नुसते भिंतीकडे बघत बसायचे गं. मग एक दिवस म्हणाले, उद्यापासून तुझा डबा मी करणार. तेव्हापासून पहाटे उठून भांडी वाजवतात. संध्याकाळी डबा रिकामा दिसला की त्यांचा दुसरा दिवस उजाडतो. तो मी का मोडू?”

आगाशेकाका साखर कारखान्यात केमिस्ट होते. उंच, अबोल माणूस. रोज सकाळी स्कूटरवरून बाईंना सोडायला यायचे आणि डबा स्वतःच्या हातानं त्यांच्या टेबलावर ठेवून जायचे. मला बघितलं की मान हलवायचे, तेवढीच आमची ओळख.

आता डब्याचं करायचं काय? इराप्पाला दिला तर अन्न टाकणं त्याच्या हातून व्हायचं नाही. त्याला सगळं सांगितल्यावर तो बिचारा असा काही खचला की, बाईसाबांचं काम आपण नासवलं म्हणून दोन दिवस जेवला नाही. बाईंनीच त्याला बोलावून समजावलं. आणि मग माझ्याकडे वळून, सहीसाठी कागद पुढे करावा तसा डबा पुढे केला.

“तू खा.”

मी वाळकी काडी होते. जेवणखाणाचं मला सोयरसुतक नव्हतं, चहा-बिस्किटावर दिवस काढायची. पण नाही म्हणायची सोय नव्हती. त्या दुपारपासून बाईंच्या खोलीत, दार लावून, मी बाईंचा डबा जेवायला लागले आणि बाई समोर बसायला लागल्या.

त्या नुसत्या बसत नसत. विचारायच्या. आमटीत गूळ किती आहे? चिंच पुढे येतेय का? भेंडी चिकट झालीय की सुटी? पोळी गार झाल्यावर चामट होते का? मी आपली घाईघाईनं, छान आहे बाई, म्हणायची. तर ओरडायच्या, छान म्हणजे काय, नीट चाव आणि नीट सांग, संध्याकाळी मला ह्यांना सांगायचंय. परीक्षेला बसावं तशी मी जेवायची. हळूहळू जीभ शिकली. आज फोडणीत मेथीदाणे जरा करपलेत, पण वाईट लागत नाही, असं मी सांगायला लागले. बाई डोळे मिटून ऐकायच्या. कधी कधी त्यांचा घसा हलायचा, आवंढा गिळल्यासारखा. मग मला पुढचा घास घेववायचा नाही, आणि त्या डोळे न उघडताच म्हणायच्या, थांबलीस का?

इतकं चांगलं मी त्याआधी कधी जेवले नव्हते आणि त्यानंतरही नाही. आज मागे वळून बघताना वाटतं, माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या दुपारी त्याच होत्या. असं म्हणताना लाज वाटते, पण खरं तेच आहे. खिडकीतून ऊन यायचं, प्राणिघरातून पिंजरे धुतल्याचा आवाज यायचा, आणि आम्ही दोघी जगातलं सगळ्यात महत्त्वाचं काम चालल्यासारख्या वांग्याच्या भाजीवर चर्चा करायचो.

संक्रांतीपर्यंत माझे ब्लाउज दंडात रुतायला लागले. आई खूश झाली. लाडू उंदरांना घालतेस की तूच खातेस, असं विचारायला लागली. बाई मात्र मला बघून शास्त्रीय आनंद घ्यायच्या. “अजून फुगतायत गं तुझ्या पेशी,” म्हणायच्या, “नव्या यायच्या आत थांबू आपण.” त्यांच्या मनगटातलं घड्याळ तोवर कोपरापर्यंत वर सरकायला लागलं होतं.

लाडूवाल्यांचे लाडू आम्ही डिसेंबरातच बंद केले होते. त्यांची अंगं उतरली. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांचे काप काढले, खालच्या रांगेतल्या सुकेवाल्यांचेही काढले, आणि दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. बाईंना तेव्हा फार वेळ ताठ बसवत नव्हतं. मी पाठीला उशी दिली, इराप्पानं दोन्ही हातांनी खुर्ची धरून ठेवली. त्यांनी एक पट्टी पाहिली, दुसरी पाहिली, परत पहिली पाहिली.

“लहान झाल्यात,” त्या म्हणाल्या. “पण आहेत. सगळ्या आहेत. एकही गेलेली नाही.”

एवढंच. इतक्या वर्षांचं उत्तर, आणि बाईंनी ते दुधाचा हिशेब सांगावा तसं सांगून टाकलं. मग इराप्पाला म्हणाल्या, आता सगळ्यांसाठी चहा आणा, माझ्यासाठी अर्धा. प्रबंधात वरच्या रांगेबद्दल खरं तेच लिहायचं, हेही त्यांनी तेव्हाच बजावलं. मी लिहिलं. जादा आहार मिळाल्यामुळे वरच्या रांगेतले प्राणी वगळले आहेत. जादा आहार कोणाचा, हे परीक्षकांपैकी कोणीही विचारलं नाही.

बाई मार्चमध्ये निवृत्त झाल्या आणि एप्रिलमध्ये गेल्या. शेवटचे पंधरा-वीस दिवस त्या दवाखान्यात होत्या. तेव्हा काकांना सगळं सांगितलं की नाही, हे मला कळलं नाही आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

चौदाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. बाईंची पुस्तकं माझ्याकडे होती, ती द्यायची होती. काकांनी विचारलं तर काय सांगायचं? ज्या माणसानं बायकोसाठी पहाटे उठून रांधलं, ते सगळं मी खाल्लं, हे त्याच्या तोंडावर कसं सांगायचं? न सांगावं, तर मी सगळा हिवाळा त्यांना फसवलं होतं.

काकांनी दार उघडलं. नेहमीसारखी मान हलवली. पुस्तकं घेतली, बाजूला ठेवली आणि म्हणाले, पाट घेतलाय, बस. आत ताट वाढलेलं होतं. एकच.

मी बसले. ते समोर स्टुलावर बसले. वरणभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. पहिला घास तोंडात घातला आणि माझे डोळे भरून आले, कारण ती चव माझ्या इतक्या ओळखीची झाली होती. काकांनी ते बघितलं.

“मीठ बरोबर आहे?” त्यांनी विचारलं.

“काका,” मी म्हटलं, “तुमचा डबा बाई नाही खायच्या. मी खायची.”

“माहीत आहे.”

ते उठले, माझ्या भातावर तूप घातलं आणि परत बसले. “पौषापासून पोळ्या जास्त घालत होतो. सकाळी तुझे गाल भरलेले दिसायचे. तरण्या पोरीला तीन पोळ्या कशा पुरतील? तुझ्या लक्षात नाही आलं?”

नव्हतं आलं. मला वाटलं होतं माझीच भूक वाढली. मी विचारलं, तुम्हाला बाईंनी सांगितलं का? त्यांनी मान हलवली. नाही. शेवटपर्यंत नाही. दवाखान्यातही ती म्हणत होती, मघाशीच खाल्लंय.

“मग तुम्ही का नाही बोललात?”

“बोललो असतो तर तिनं डबा न्यायचा सोडला असता,” काका म्हणाले. “मग सकाळी उठून मी काय करायचं होतं?”

बाहेर कोणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. काका माझ्या ताटाकडे बघत होते, मी काय खातेय, काय ठेवतेय, ते. मग मी विचारलं की त्यांना कळलं तरी कधी.

“मोरीच्या पाण्यावर अळू फोफावलंय, बघितलंस ना येताना? मला त्याच्या वड्या फार आवडतात. तिला चालायच्या नाहीत. लग्न झाल्यापासून तिनं अळूवडीला तोंड लावलं नाही, घसा खवखवतो म्हणायची. एक दिवस मी माझ्यासाठी केल्या होत्या. सकाळच्या गडबडीत चुकून तिच्या डब्यात गेल्या.” त्यांनी स्टुलाच्या कडेवरून बोट फिरवलं. “डबा रिकामा आला. मी काही बोललो नाही. ताक पिताना तीच म्हणाली, आज वड्या काय सुरेख झाल्या होत्या हो, कुरकुरीत, चिंच अगदी बेताची.”

चिंच बेताची आहे, हे मी म्हटलं होतं. कुरकुरीतही मीच म्हटलं होतं. आता मला आठवलं. जानेवारीतल्या त्या दुपारी बाईंनी डबा उघडून वड्या बघितल्या होत्या, क्षणभर थांबल्या होत्या आणि मग म्हणाल्या होत्या, नीट चाव, नीट सांग.

“मी स्वयंपाकघरात जाऊन अंधारातच बसून राहिलो,” काका म्हणाले. “तिनं बाहेरून हाक मारली. म्हणाली, ऐकलंत का, उद्या पुन्हा करा.”

“मग?”

“मग काय,” काका म्हणाले, “पुन्हा केल्या.”